दवाखाना मोफत झाला, गाडीभाड्याचं काय?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपरला पैसे नाहीत, रक्त-लघवी तपासायला नाहीत, भरती व्हावं लागलं तर खाटेचेही नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. एवढं असूनही खेड्यातला माणूस दुखणं अंगावर का काढतो?

शहरात याला ‘अज्ञान’ म्हणून मोकळं होतात. मला ते पटत नाही. ‘सुगी आटोपली की जाऊ’, ‘पोरगा पुण्याहून आला की बघू’, ‘बाजाराच्या दिवशी गाडी असते, तेव्हा दाखवू’ ही वाक्यं घराघरात रोज बोलली जातात आणि त्यांच्यामागे अगदी पक्का हिशेब असतो. तो हिशेब बहुतेक वेळा औषधाचा नसतो. गाडीचा असतो.

गावातून दवाखान्यात जायला कोणती साधनं आहेत, त्यांचे पैसे कोण भरतं, सवलत कुठे आणि कशी मिळते, गावची एसटी बंद का होते आणि ती परत मागायची कशी, हे सगळं इथे एकेक करून बघू.

एका फेरीला किती पैसे जातात

एक गाव धरा. तालुक्याचं ठिकाण १८ किलोमीटरवर, तिथून जिल्हा रुग्णालय ५४ किलोमीटरवर. बाईला पोटाचा त्रास आहे, ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला चिठ्ठी दिली आहे. बरोबर नवरा जाणार, कारण जिल्ह्याच्या इमारतीत कोणती खिडकी कशाची हे एकट्याने शोधणं आजारी माणसाला जमत नाही.

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, त्यानंतर साध्या गाडीचा एक टप्पा साधारण १० रुपयांना पडतो. ५४ किलोमीटर म्हणजे नऊ टप्पे, म्हणजे जवळपास ९० रुपये. बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून तिचे ४५. जाऊन-येऊन दोघांचे २७० झाले. गाव ते तालुका एसटी नसेल तर काळी-पिवळी किंवा वडाप. तिथे सीटमागे ४० रुपये धरले तर दोघांचे जाता-येता १६० होतात. एकूण ४३०.

याच्यावर बुडालेली मजुरी. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. दोघांचा दिवस गेला म्हणजे ६२४. चहा-नाश्ता सोडून द्या, तरी फेरी हजाराच्या वर गेली. आणि त्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफीला पुढच्या मंगळवारी बोलावलं तर हाच हजार पुन्हा.

सरकारी पाहण्यांमध्ये आजारपणाच्या खर्चाचे दोन भाग करतात. डॉक्टर, औषध, तपासणी, खाट हा वैद्यकीय खर्च. गाडीभाडं, सोबत्याचं जेवण, मुक्काम हा वैद्यकेतर खर्च. आपल्या बहुतेक योजना पहिल्या भागासाठी आखलेल्या आहेत. दुसरा भाग घराने उचलायचा, असं कुणी ठरवून लिहिलेलं नाही, पण घडतं तसंच. एकदाच्या आजारात तो निभावतो. आयुष्यभराच्या दुखण्यात तो घर मोडतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा डायलिसिस लागतं, एका वेळी चार तास. म्हणजे महिन्याला आठ ते तेरा फेऱ्या. डायलिसिस स्वतः मोफत मिळालं तरी वरचा हिशेब आठाने गुणून बघा.

उशीर कुठे होतो

बाळंतपणात बायका का दगावतात याचा अभ्यास करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ मध्ये एक मांडणी केली, ती आजही जगभर वापरतात. त्यांनी उशिराचे तीन प्रकार सांगितले. दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर, पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला झालेला उशीर.

बोलताना आपण हे तीन वेगवेगळे धरतो, प्रत्यक्षात मधला उशीर पहिल्याला जन्म देतो. रात्री अकरा वाजता गाडी मिळणार नाही आणि जीप ‘स्पेशल’ करायची तर उधारी करावी लागणार, हे ठाऊक असलेलं घर ‘सकाळपर्यंत बघू’ असंच म्हणणार. त्या घराला निर्णय घेता येत नाही असं आपण म्हणतो. खरं तर त्याच्यापुढे निवडायला काही नसतं.

तिसऱ्या उशिराचंही तसंच आहे. कागदावरचा नियम असा, की सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजारांना आणि २० हजारांना. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. ही पायऱ्यांची रचना चांगली आहे, पण ती लोकसंख्येवर आखली आहे, रस्त्यावर नाही. २० हजार लोक मेळघाटात किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या जंगलात किती लांबवर विखुरलेले असतात! शिवाय प्रत्येक पायरी चढताना रुग्णाला गाडी बदलावी लागते. ‘इथे होणार नाही, पुढे न्या’ हे वाक्य दवाखान्याच्या दृष्टीने चिठ्ठीवरची एक ओळ आहे. नातेवाइकांच्या दृष्टीने तो नवा प्रवास असतो.

रुग्णवाहिका कशासाठी असते, कशासाठी नसते

१०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीलाच ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ मध्ये गंभीर रुग्णासाठीची सगळी यंत्रणा, ७०४ मध्ये प्राथमिक जीवरक्षणाची. गाडीत डॉक्टर असतो, हे आपल्या राज्यातल्या सेवेचं मोठं वैशिष्ट्य. अपघात, छातीत कळ, साप चावणं, झटके, अडलेली बाळंतीण, अशा वेळी कुणालाही पैसे न देता ही गाडी बोलावता येते. पुढे अरुंद रस्त्यांसाठी दुचाकी रुग्णवाहिकाही आल्या. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्याच्या काठी राहणाऱ्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालतो, कारण तिथे रस्ता म्हणजे पाणीच.

१०२ वेगळा. ती गाडी मुख्यतः गरोदर बायका आणि लहान बाळांसाठी. १ जून २०११ रोजी केंद्र सरकारने जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. त्यात तीन प्रवास मोफत आहेत आणि हे तीनही प्रत्येक घराला माहीत असायला हवेत: घरून दवाखान्यात, गरज पडली तर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, आणि बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी. हा शेवटचा प्रवास लोक सहसा मागत नाहीत. टाके असलेली बाई चार दिवसांचं बाळ पदराखाली घेऊन जीपच्या मागच्या फळीवर बसलेली दिसते, तेव्हा जीव तुटतो, कारण ती गाडी तिच्या हक्काची होती. आजारी बाळासाठीही हीच सोय आहे. सुरुवातीला ती जन्मानंतर ३० दिवसांपर्यंत होती, नंतर वर्षापर्यंत वाढवली. गाडी मागायची तर आशाताईंना सांगायचं किंवा थेट १०२ लावायचा. तिथून गाडी मिळाली नाही तर अडलेल्या वेळी १०८ आहेच.

आता महत्त्वाची गोष्ट. माणूस दवाखान्यात जातो त्यांतल्या बहुतेक फेऱ्या तातडीच्या नसतातच. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, साखर तपासायची, टाके काढायचे, क्षयरोगाची थुंकी तपासायची, सोनोग्राफी, चष्मा, लसीकरण, दिव्यांगाचं प्रमाणपत्र. यासाठी १०८ येणार नाही आणि येऊही नये, नाहीतर खरोखर अडलेल्याला ती मिळणार नाही. पण याच साध्या फेऱ्या चुकल्या की तातडीच्या फेऱ्या तयार होतात. सहा महिने गोळ्या न घेतलेला रक्तदाबाचा रुग्ण एक दिवस अर्धांगवायूने पडतो, मग त्याच्यासाठी धावपळ करून १०८ येते. आपण रुग्णवाहिकांच्या संख्येवर बोलतो, लोकार्पणाचे फोटो छापतो. त्या माणसाला सहा महिन्यांपूर्वी तालुक्याला नेणारी सकाळची गाडी बंद झाली, ती बातमी कुठे येत नाही.

म्हणून खेड्याच्या आरोग्याची मुख्य गाडी कोणती असं मला विचाराल तर मी एसटीचं नाव घेईन.

गावची एसटी चालते कशी आणि बंद का होते

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी ही महाराष्ट्राच्या खेड्यांची गाडी आहे. राज्यात अडीचशेच्या आसपास आगारं आहेत आणि गावच्या फेऱ्या आगार ठरवतं. यातली एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी गावात येते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याकडे निघते. दवाखान्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगली सोय नाही. ओपीडी साधारण साडेआठ-नऊला सुरू होते, उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं, आणि पहाटेची गाडी माणसाला बरोबर त्या वेळेला नेऊन सोडते. रात्री कुणाचं दुखणं वाढलं तर गावात एक मोठं वाहन आणि ते चालवणारा माणूस हजर असतो, हेही कमी नाही.

पण मुक्कामी गाडी आगाराला महाग पडते. इथे ‘भारमान’ समजून घ्यायला हवं. गाडीत बसायला ४४ जागा असतील आणि सरासरी २२ भरल्या तर भारमान ५० टक्के. एसटीचं जवळपास सगळं कामकाज या आकड्यावर आणि दर किलोमीटरच्या उत्पन्नावर मोजलं जातं. गावची गाडी सकाळी जाताना गच्च भरते, परतताना रिकामी येते. दुपारी दोन्हीकडून अर्धी. पुणे-मुंबईच्या आणि सणावारांच्या गाड्या जे कमावतात त्यातून या गावच्या फेऱ्यांचा तोटा भरून निघायचा, अशी जुनी रचना आहे. लांब पल्ल्यावर खाजगी आरामगाड्या आल्या, तिथली कमाई घटली, आणि पहिला घाव गावच्या फेरीवर बसला. त्यात तिकिटामागे १७.५ टक्के प्रवासी कर राज्य सरकारकडे जातो. गरिबाची गाडी चालवायची आणि तिच्यावर करही घ्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

करोनाच्या आधी एसटीकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. मधल्या काळात जुन्या गाड्या बाद होत गेल्या, नव्या तेवढ्या आल्या नाहीत. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं म्हणणं दुर्लक्षित करावं असं नव्हतं, त्यांच्या पगाराची परवड खरी होती. पण त्या साडेपाच महिन्यांत खेड्यांची सवय बदलली. ज्याला जमलं त्याने कर्ज काढून दुचाकी घेतली, उरलेले जीपवर गेले. संपानंतर भारमान कमी दिसू लागलं, म्हणून काही फेऱ्या परत आल्याच नाहीत. फेरी बंद होते म्हणून प्रवासी तुटतात, आणि प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद राहते.

भारमानाच्या आकड्यात एक मोठी उणीव आहे. गाडीत किती माणसं होती हे तो सांगतो. गाडी नव्हती म्हणून किती माणसं घरी राहिली, हे सांगू शकत नाही. आगार व्यवस्थापकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे मोजायला दुसरं मापच दिलेलं नाही. फेरी बंद झाल्याने पुढे जिल्हा रुग्णालयावर आणि १०८ वर पडणारा खर्च दुसऱ्या खात्याच्या वहीत जातो. दोन वह्या कुणी शेजारी ठेवून बघत नाही.

वेळापत्रकातला एक तास

भाडं कमी करणं ही एक गोष्ट झाली. वेळ जुळवणं ही दुसरी, आणि ती जवळपास फुकट होते.

गाडी तालुक्याला साडेअकराला पोहोचते असं समजा. केसपेपरच्या रांगेत अर्धा तास जातो. डॉक्टर तपासून रक्त तपासायला सांगतात, तोवर नमुने घेण्याची वेळ टळलेली असते. ‘उद्या उपाशीपोटी या.’ गावाकडची गाडी दोनला, त्यानंतरची थेट मुक्कामी. म्हणजे एका कामाला दोन दिवस, दोन फेऱ्या, दोन मजुऱ्या. हीच गाडी साडेआठला पोहोचली असती तर नमुना, तपासणी, औषध सगळं एका दिवसात झालं असतं. भाड्यात कितीही सवलत दिली तरी ही जादाची फेरी वाचत नाही. ती वाचते फक्त वेळापत्रक हलवल्याने.

काही दिवस तर आधीपासून ठरलेले असतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. तारीख वर्षभर आधी माहीत, कोणत्या गावात किती गरोदर बायका आहेत हे उपकेंद्राच्या नोंदवहीत लिहिलेलं. त्या एका दिवशी दूरच्या चार गावांना फिरणारी गाडी सोडायला कोणताही मोठा अभ्यास लागत नाही. दोन कार्यालयांनी एकमेकांना फोन करावा लागतो.

मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत मोफत नेण्यासाठी त्या दिल्या आहेत. कितीतरी वाड्यांना मोठी गाडी दिसते ती त्यामुळेच. शाळेच्या फेऱ्या सोडून उरलेल्या वेळात या गाड्या इतर प्रवाशांसाठी चालवता येतात. पण शाळेच्या फेरीवर विसंबलेल्या गावाची मे महिन्यात आणि दिवाळीत अडचण होते. शाळेला सुट्टी लागते, मधुमेहाला लागत नाही.

सवलती: कुणाला, कशावर

बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात कुठेही मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. वय दाखवायला आधारसारखं ओळखपत्र जवळ ठेवायचं. आजारानुसारही सवलत आहे: कर्करोग, क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांना तिकिटात मोठी सूट, तर सिकलसेल, एचआयव्ही, हिमोफिलियाचे आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांच्यासाठी साध्या गाडीत मोफत प्रवासाची तरतूद आहे. यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राचा नमुना आणि अटी आगारात विचारून घ्या, कारण वाहकाशी गाडीत वाद घालून उपयोग नसतो. त्याला कागदच बघावा लागतो. दिव्यांगांना सवलत आहे, अपंगत्वाचं प्रमाण जास्त असेल तर सोबत्यालाही.

या यादीत मला दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे सोबती. डायलिसिस झाल्यावर माणसाला चक्कर येते, अंगात त्राण राहत नाही. तो एकटा प्रवास करू शकत नाही. त्याचं तिकीट माफ आणि त्याला धरून नेणाऱ्या मुलाचं पूर्ण, हा अर्धाच न्याय झाला. दुसरी गोष्ट अधिक मोठी. या सगळ्या सवलती एसटीतच चालतात. काळी-पिवळीवाला अर्धं तिकीट घेत नाही, घेऊ शकतही नाही. डिझेल त्याच्या खिशातून जातं. म्हणजे ज्या गावात एसटी येत नाही, तिथे बायकांची सवलत शून्य, म्हाताऱ्यांची शून्य, सिकलसेलच्या पोराची शून्य. सगळ्यांत दूरच्या आणि गरीब वाडीला सगळ्यांत जास्त भाडं पडतं. फेरी रद्द होते तेव्हा एक गाडी जाते, आणि तिच्याबरोबर त्या गावाला सरकारने दिलेल्या सगळ्या सवलती जातात. फेरी बंद करण्याच्या निर्णयात हे कुठे धरलं जातं?

जीपवाल्यांना मी दोष देणार नाही. नियमाने टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत माणसं चढवत-उतरवत नेणं, मुख्यतः एसटीचं काम, त्यामुळे यांची वाहतूक कायद्याच्या कडेकडेने चालते. पण रात्री-अपरात्री दार वाजवलं तर गाडी काढणारे गावात तेच असतात.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, रुग्णांच्या सवलती मात्र सुरू राहिल्या. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. इथे सोबत्याचा विचार झाला आहे, एसटीने तो घ्यावा. हृदयशस्त्रक्रियेला जाणारे, डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी जाणारे, थॅलेसेमियाचे रुग्ण यांनाही सवलत आहे. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर काढायचं. विदर्भ-मराठवाड्यातून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना हे पहिल्या फेरीनंतर कुणीतरी सहप्रवासी सांगतो. ते आधी, चिठ्ठी देतानाच सांगायला हवं.

महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया झाली असेल तर पॅकेजमध्ये रुग्णाला घरी परतायचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. रुग्णालयात योजनेचा मदतनीस म्हणून बसणाऱ्या आरोग्यमित्राला सुट्टी मिळण्याआधी विचारा. योजनेचा क्रमांक १५५३८८ आहे. क्षयरोगाच्या आदिवासी रुग्णाला प्रवासासाठी एकदा ७५० रुपये मिळण्याची तरतूद आहे. आणि आदिवासी भागातल्या नवसंजीवन योजनेत ‘बुडीत मजुरी’ असा खर्चाचा एक स्वतंत्र भाग आहे. कुपोषित मूल दवाखान्यात भरती असताना आईची मजुरी बुडते, ती सरकार थोडीफार भरून देतं. ज्याने कुणी हे दोन शब्द सरकारी कागदावर आणले त्याला गावचा हिशेब कळला होता.

फेरीच टाळता आली तर

स्वस्त प्रवासाहून चांगला तो न करावा लागणारा प्रवास. २०१७ च्या शेवटी सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यातली मुख्य कल्पना साधी आहे: ठरलेल्या गोळ्या, एका वेळी ३० दिवसांच्या, आणि शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रावर. एचआयव्हीच्या औषधांसाठीही मुख्य केंद्राला जोडलेली छोटी केंद्रं तालुक्यात उघडली, त्यामुळे दर महिन्याला जिल्ह्याला जाणं वाचलं.

शेजारच्या छत्तीसगडने २ ऑक्टोबर २०१९ पासून आठवडी बाजारात दवाखाना भरवायला सुरुवात केली. बाजाराला गावोगावच्या गाड्या येतातच, माणसं येतातच. मग डॉक्टरांनीच तिथे जावं. गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या बाजारांत हे सहज रुजेल.

जिथे पावसाळ्यात वाटच राहत नाही, तिथे आधीच जाऊन राहणं हाच मार्ग. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, दरवर्षी. म्हणून आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आलेली बाई आणि तिच्या सोबतीचं माणूस तिथे काही दिवस आधी येऊन राहतं. घरची लहान मुलं, कोंबड्या, शेत सोडून यायला बायका तयार होत नाहीत, ही अडचण खरी आहे, म्हणून मुलांना बरोबर आणू देणं महत्त्वाचं.

आणि वाट कधी राज्याची हद्दही ओलांडते. दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. जानेवारी २०१८ मध्ये तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं. गोव्याची बाजूही समजण्यासारखी होती. पण आजारी माणूस नकाशावरची रेघ बघत नाही, गाडी कुठे जाते ते बघतो.

गावाने अर्ज कसा करावा

‘आमच्या गावाला एसटी सुरू करा’ असा एका ओळीचा अर्ज फाइलमध्ये जातो. आगाराला भारमान हवं असतं, तर ते लिहूनच द्या. उपकेंद्रातल्या ताईंकडून आणि आशाताईंकडून आकडे घ्या, नावं नकोत: या महिन्यात गरोदर बायका किती, रक्तदाब-मधुमेहाच्या नियमित गोळ्या घेणारे किती, क्षयरोगाचे किती, डायलिसिसला जाणारे किती, ७५ वर्षांवरचे किती. शाळा-कॉलेजात जाणारी मुलं, बाजारकरी यांचा आकडा जोडा. शेजारच्या दोन-तीन वाड्या एकाच रस्त्यावर असतील तर त्यांनी मिळून मागावं, कारण फेरी एका गावाची नसते, मार्गाची असते. मग ग्रामसभेचा ठराव करा आणि अर्ज आगार व्यवस्थापकाला, प्रत विभाग नियंत्रकाला द्या. गाडी तालुक्याला किती वाजता पोहोचायला हवी आणि किती वाजता निघायला हवी, हे स्पष्ट लिहा. रस्ता अरुंद असेल, फांद्या खाली आल्या असतील, वळायला जागा नसेल, तर ते ग्रामपंचायतीने आधी दुरुस्त करून घ्यावं. पाहणीत फेरी तिथेच अडते. आणि फेरी सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने तिच्यातूनच जा. जीप दारासमोर उभी असली तरी.

तोवर एखाद्याकडे भाड्याचेच पैसे नसतील तर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे थोडा मुक्त निधी असतो. अत्यंत गरीब घराच्या उपचाराच्या गरजेला त्यातून हात देता येतो. समितीच्या बैठकीत हे बोला, संकट येण्याआधी.

अर्जाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाही द्या, आणि त्यांच्याकडे वेगळी मागणी करा. आगाराला गाडीची वेळ बदलणं जमत नसेल, तर दवाखान्याला आपली वेळ हलवता येते. लांबच्या गावांच्या लोकांचे रक्ताचे नमुने बारापर्यंत घ्यावेत, त्यांच्या केसपेपरवर गावाचं नाव बघून सोनोग्राफी त्याच दिवशी करावी, दोनच्या गाडीच्या आत औषधं हातात द्यावीत. यासाठी नवी गाडी लागत नाही, नवा निधी लागत नाही. केसपेपरच्या खिडकीशेजारी तालुक्यातून सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लावावं लागतं.